सोवळी पेटी

॥ श्री ॥

बेळगाव,
ता. १८ नोव्हेंबर १९४६

चि. उपेंद्रभावोजी यांस,

विनोदिनीकडून आशीर्वाद. आम्ही सारी ठीक आहोत. तुम्हीही असाल असं देवावर भार टाकून धरते, कारण तुमच्या कार्डात प्रकृतीचं एक अक्षर नसतं.

ते कार्ड तुमच्या अण्णांच्या नावचं होतं, पण कार्ड उघडंच येतं, म्हणून वाचलं. लढाई संपली तरी फौज तुम्हांला सोडत नाही, जबलपूरच्या वायरलेस शाळेत शिकवायला ठेवून घेते आहे, दहा वर्षांचा करार आहे आणि जानेवारीअखेर सही करायची आहे, हे वाचून तुमच्या अण्णांनी देवापुढं साखर ठेवली. खाली तुमची एकच ओळ होती. 'माळ्यावरची माझी पेटी मोडीत घालावी, तांब्याची तार बरीच निघेल.'

तुमचे अण्णा म्हणाले, "उप्यानंच लिहिलंय, मग विचार कसला? माळा मोकळा झाला तर शेंगांची दोन पोती बसतील." परवा मी म्हटलं, आज शनिवार आहे, शनिवारी धातू घराबाहेर देऊ नये. आज म्हटलं, उद्या एकादशी, पुढं अमावास्या येतेच. तर म्हणाले, "तुझं पंचांग त्या पेटीसाठी वेगळं छापलंय की काय गं?"

बाकी घरचं म्हणाल तर रेशनच्या तांदळात निम्मे खडे. पिरनवाडीचं भात कापून झालं आहे, गाडी आली म्हणजे चार महिने निभतील. परसातली विहीर अजून वरपर्यंत आहे. तुमच्या अण्णांना शाळेत वरचा वर्ग दिला, त्यामुळे घसा बसलेला असतो.

परवा दुपारी मी माळ्यावर चढून पेटी पुसली. वाळवी लागलेली नाही. तिच्यावरचं फडकं काढलं आणि सगळं डोळ्यांपुढं आलं. तुम्ही कॅम्पातल्या रेडिओच्या दुकानात कामाला होता. बिघडलेल्या रेडिओजवळ हात नेला की तो किंचाळायचा. दुकानातले सगळे त्याला दोष म्हणायचे आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, "वहिनी, तो सूर आहे, त्याला कुणी शिकवलेलं नाही एवढंच." मग सव्वा वर्ष परसदारच्या पडवीत बाक टाकून वाल्व, तारेची वेटोळी, मोटारीची बॅटरी आणि सगळ्या घरभर तापलेल्या राळेचा वास. शेवटी शिसवी पेटीतून एक पितळी दांडी वर आली. दांडीशी हात नेला की सूर चढे, लांब नेला की उतरे, आणि हात लावायचा कुठंच नाही. सासूबाई सोवळ्यानं उभ्या राहून बघत होत्या. "न शिवता वाजतंय व्हय रं? मग माझ्या देवघरातसुद्धा चालंल की हे!" तेव्हापासून घरात तिचं नाव सोवळी पेटी.

तुम्ही ठरवून काही वाजवायचा नाहीत. शेजारच्या यशोदाबाई विचारायच्या, "हा कुठला राग म्हणायचा?" तुम्ही म्हणायचात, "अजून बारसं व्हायचंय, काकू." दमट हवेत सूर जड झाला तर त्या जडपणालाच धरून पुढं जायचात. दारातून कुणी आत आलं की सूर हलकेच वर सरकायचा आणि तुम्ही त्या माणसालाही वाजवण्यात ओढून घ्यायचात. पोस्टमन आला तरी त्याचं गाणं व्हायचं.

निपाणीचा विषय मी काढत नाही.

एवढंच म्हणते, यंत्र वाईट नव्हतं. मोडायची घाई करू नये. सही करण्याआधी एकदा डोकं शांत ठेवून विचार करावा.

थंडीत कानाला बांधत जा.

तुमची वहिनी
विनोदिनी



॥ श्री ॥

बेळगाव,
ता. ९ डिसेंबर १९४६

चि. उपेंद्रभावोजी यांस आशीर्वाद.

उत्तर पोचलं. ते चार ओळींचं असलं तरी मला दोन दिवस पुरलं. तुम्ही लिहिता, 'पेटी एकट्यानं वाजवायची आहे, माणसांत वाजायची नाही. निपाणीला सहाशे माणसांपुढं ते सिद्ध झालं. माणसं जमली की ज्याचा सूर ढळतो ते वाद्य नव्हे, खेळणं. वहिनी, मोडा.'

भावोजी, निपाणीला जे झालं ते माणसांमुळे झालं नाही. ते माझ्यामुळे झालं. हे मी सहा वर्षं तुम्हांला कळवलेलं नाही.

पूर्ण लिहिते. तंबाखूचे व्यापारी आण्णाप्पा यांनी आपली वखार झाडून, जाजमं घालून दिली होती. मुंबईहून रेकॉर्डवाले दोघे आले होते. त्यांना पसंत पडलं तर तुम्हांला पेटीसकट मुंबईला नेणार, दुसरी मोठी पेटी बांधायला जागा देणार, असं ठरलं होतं. सासूबाई आणि मी आण्णाप्पांच्या घरच्या बायकांबरोबर आडपडद्याला होतो. तंबाखूच्या खकाण्यानं सगळी सभा शिंकत होती आणि तुम्ही मला म्हणालात, "आज शिंकांवरच सुरुवात करतो." किती हसला होता तुम्ही.

सूर लावून तुम्ही चहाला गेलात. तेव्हा मी घरून आणलेला गंगेचा गडू, मामंजींनी काशीहून आणलेला तो तोंडबंद तांब्याचा, पेटीच्या टेबलाखाली नेऊन ठेवला. टेबलावर चादर होती, ती जमिनीपर्यंत लोंबत होती. दृष्ट लागू नये, यश यावं, ही भावना. सूर लावल्यावर दांडीच्या चार हातांत धातू आणायचा नाही, हे तुम्ही मला कितीदा बजावलं होतं. त्या गडबडीत माझ्या ध्यानातून गेलं.

पुढचं तुम्ही भोगलंत. सूर हातात येईना, हात मागं घेतला तरी पेटी कण्हत राहिली, तुम्ही कळ फिरवून सूर धरायचात आणि तो पुन्हा सुटायचा. मागून कोणी ओरडलं, "पेटीत मांजर अडकलंय की वो, सोडवा त्येला!" सगळी वखार हसली. तुम्ही सभेला नमस्कार केलात आणि झाकण लावलंत. मंडळी जेवायला उठली तेव्हा मी गडू काढून घेतला. घरी येऊन तुम्ही पंधरा दिवस एकेक तार तपासलीत. दोष सापडणार कुठून? महिन्यानं तुम्ही फौजेत नाव घातलंत.

आता हे नुसतं मनाचं बोलणं नाही, हे दाखवायला म्हणून मी भरमूला बोलावलं. तुमच्याबरोबर दुकानात होता तोच, आता तिथला मोठा मिस्त्री आहे. नव्या बॅटऱ्या जोडून त्यानं पेटी चालू केली आणि कपाळाला हात लावला. "वैनी, ह्येला काय धाड भरलीया? वाल्व जित्ते हाईत! उपेंद्रसायबानं उगंच सोडलं बघा. लई हट्टी माणूस." यशोदाबाईंची हार्मोनियम शेजारी ठेवून सूर जुळवला. मग तोच गडू आणला. सासूबाईंच्या अंतकाळी त्याचं तोंड फोडलं होतं, आता विहिरीचं पाणी भरून घेतला. वहीत मांडलं आहे तसं लिहिते. दांडीपासून चार हातांवर काही फरक नाही. दोन हातांवर ऐकू येईल न येईल असा. एका हातावर अर्धा सूर वर. एका वितीवर अडीच सूर वर, आणि हात मागं घेतला तरी आवाज थांबत नाही, कण्हतो. निपाणीला कण्हत होता तसाच.

दुसरं, माणसांचं. मार्गशीर्षातला गुरुवार होता, संध्याकाळी हळदीकुंकवाला एकवीस बायका आल्या. त्या सगळ्या पडवीत बसल्यावर भरमूनं सूर लावला आणि मी हात धरला. माझा हात गंजला आहे, आठदहा सूर काढले एवढंच. पण सूर जागचा हलला नाही, भावोजी. रुक्माबाई म्हणाल्या, "अगं बया, ह्यात कोण बसलंय रडत?" एवढ्या बांगड्या, एवढी लेकरं, आणि पेटी वाजली. माणसांत वाजते. तुमचं गणित चुकलं नव्हतं.

तुमच्या अण्णांना एवढंच सांगितलं आहे की पेटी चालते. ते म्हणाले, "मग मोडीवाल्याला नको म्हणू?" मी हो म्हटलं.

माझ्या भोळेपणापायी तुमची सहा वर्षं गेली. क्षमा मागण्याला तोंड नाही, तरी मागते.

तुमची वहिनी
विनोदिनी



॥ श्री ॥

बेळगाव,
ता. ५ जानेवारी १९४७

उपेंद्रभावोजी यांस,

तुमचं पत्र हाती आलं. आठ पानं. एवढं तुम्ही कुणाला लिहिल्याचं मला आठवत नाही. तिसरं पान तुमच्या अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते चष्मा पुसत बसले.

तुम्ही सही केली नाहीत. संक्रांतीला येतो म्हणता. कारकुनानं कागद पुढं केला आणि तुम्ही म्हणालात, घरी एक काम राहिलं आहे. दोन दांड्यांची पेटी मनात आहे, एका हातानं सूर आणि दुसऱ्या हातानं जोर, आणि ती सभेच्या मधोमध मांडायची, सभोवती माणसं बसवून त्यांच्या हलण्याडोलण्यासकट वाजवायची. हे वाचताना मला तुमचा पडवीतला आवाज ऐकू आला.

आणि मला तुम्ही लिहिलंत, 'वहिनी, श्रद्धेनं केलेल्या गोष्टीत दोष नसतो. उलट तुम्ही गडू ठेवलात म्हणून मला माणसं सापडली. हा विषय संपला.'

तो संपला असता. माझ्या पदरात तुम्ही क्षमा टाकली होती, मी गप्प राहिले असते तर कुणाला काय कळणार होतं? पण शेवटच्या पानावर तुम्ही सहज लिहिलं आहे. 'एक कोडं उरतं. ठेवलेल्या गडूनं सूर एकदा वर जाईल आणि तिथंच राहील, मी कळ फिरवून तो पुन्हा लावला असता. निपाणीला तो सारखा झुलत होता. ते का, आल्यावर दोघं मिळून बघू.'

दोघं मिळून बघायची गरज नाही. गडू ठेवला नव्हता. टांगला होता.

खणाच्या तुकड्यात बांधून टेबलाच्या आडव्या पट्टीला मी तो दांडीखाली अधांतरी लोंबत ठेवला. व्यासपीठ फळ्यांचं होतं. कुणी पाऊल टाकलं की गडू हलणार, गडू हलला की सूर हलणार, हे मला ठाऊक होतं. कसं ठाऊक, ते तुम्हांलाही ठाऊक आहे. पडवीत लोण्याचं शिंकं होतं. एकदा चुकून माझा धक्का लागला, त्यातली पितळी लोटी झुलू लागली आणि सूर असा लहरला की तुम्ही ओरडलात, "वहिनी, थांबवू नका, हलवा!" त्यानंतर किती दिवस मी शिंकं झुलवायची आणि तुम्ही वाजवायचात. हळू झुलवलं की पाळण्यासारखा, जोरात झुलवलं की घाबरल्यासारखा. ती विद्या तुम्ही मला आनंदानं दिलीत. मी ती तिथं वापरली.

ध्यानातून गेलं, असं मागच्या पत्रात लिहिलं. खोटं लिहिलं. भोळेपणा म्हटलं, तेही खोटं.

का केलं ते संकोच सोडून लिहिते. मॅट्रिक झाल्यावर या घरात आले. त्यानंतर माझ्या शिकण्याला दूधवाल्याच्या वहीपलीकडे काम उरलं नाही. त्याची तक्रार कधी केली नाही, आजही नाही. महिन्याचे चार दिवस मी पडवीत बाजूला बसायची. कुणाला शिवायचं नाही, कशाला शिवायचं नाही, पाणीसुद्धा वरून घालून घ्यायचं. दुसऱ्या बायका ते दिवस कंटाळून काढतात. तुम्ही म्हणालात, "तुम्हांला शिवायचं नाही ना? मग हे तुमच्यासाठीच आहे की!" सासूबाईंनी दारातून बघितलं आणि म्हणाल्या, "शिवत न्हाय ना? मग वाजव गं, मलाही ऐकू दे." त्या चार दिवसांत जगात एकच वस्तू होती जी माझ्या हाताला विटाळ मानत नव्हती. मी त्या दिवसांची वाट बघायला लागले. देवापुढं बसल्यावर मन लागायचं नाही ते तिथं लागायचं.

मग रेकॉर्डवाले आले. पेटी मुंबईला जाणार. तुम्ही जाणार याचं दुःख झालं नाही, हे ऐकून राग आला तरी खरं ते लिहिते. तुम्ही जावं, मोठं व्हावं, असंच वाटायचं. पेटी जाऊ नये. दुसरी बांधून मला द्या, असं मागायचं मला सुचलं नाही. घरची सून यंत्र मागते, हे शब्द तोंडातून निघाले नसते. त्यापेक्षा देवाचा गडू उचलणं सोपं गेलं. कुणी बघितलं असतं तर मी म्हणणार होते, यश यावं म्हणून आणला. हे वाक्य मी बेळगावहून निघतानाच ठरवून ठेवलं होतं.

मला वाटलं होतं, एक सभा पडेल, ते लोक परत जातील, आणि पुढच्या महिन्यात पडवीत पुन्हा सगळं पहिल्यासारखं होईल. तुम्ही झाकण कायमचं लावाल, हे मी धरलंच नव्हतं. पेटी मात्र मला मिळाली. माळ्यावर. सहा वर्षांत मी फडकं बदलण्यापलीकडे तिच्याजवळ गेले नाही. वाजवू नये एवढी लाज मला उरली होती.

आणखी एक आहे. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही आसामकडे कुठं तरी होता, तारही वेळेवर पोचली नाही. शेवटच्या आठवड्यात त्या रोज विचारायच्या, "उपा रुसलाय का गं माझ्यावर? मी त्येच्या पेटीला कधी नावं ठेवली न्हाईत." मी म्हणायची, लढाई आहे, रजा मिळत नाही. त्या म्हणाल्या, "लढाई हिकडं यायच्या आधी गेलाय त्यो." त्यांच्या तोंडात गंगा घालायला गडू फोडला तो मीच. निम्मी गंगा मी उशीवर सांडली. लोकांना वाटलं, सून माया करते.

हे कागदावर उतरवून झाल्यावर आज दुपारी तुमच्या अण्णांना समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. तुम्हांला कळावं आणि त्यांना कळू नये, हे बरोबर नव्हतं.  शेवटी त्यांनी विचारलं, "आईला माहीत होतं?" मी म्हटलं, नाही. त्यावर ते उठले आणि पायात वहाणा न घालता बाहेर गेले. आता दिवेलागण झाली, अजून आलेले नाहीत. त्यांचा भात झाकून ठेवला आहे आणि तुम्हांला हे शेवटचं लिहिते आहे.

माझ्यावरच्या रागानं त्या करारावर सही करू नका. माझी एवढीच मागणी आहे आणि ती मागण्याचा अधिकार मला नाही, हे जाणून मागते. मी चुकले म्हणून पेटी खोटी ठरत नाही. एकवीस बायकांत तिनं सूर सोडला नाही, ते खरं आहे. भरमू साक्षीला आहे, माझ्या शब्दावर विसंबू नका, त्याला विचारा.

संक्रांतीला या. मी समोर नको असेन तर तसं तुमच्या अण्णांना लिहा, मी चिकोडीला माहेरी जाऊन राहीन, हवं तितके दिवस. पडवी झाडून ठेवली आहे, बाक जागेवर आणून लावला आहे. घरी पाऊल ठेवायचंच नसेल तर भरमू पेटी घेऊन जबलपूरला येईल, तसं त्यानं कबूल केलं आहे. तो म्हणाला, "गाडीत मांडीवर घिऊन बसतो, वैनी, पर ह्येला बायकोचं तिकीट काढाय लागंल बघा." त्याला यातलं काही ठाऊक नाही.

दोन दांड्यांची बांधा. मधोमध मांडा. माणसं बसवा.

मला उत्तर नाही आलं तरी मी ते उत्तर समजेन.

विनोदिनी